टब भरून ठेवणारा माणूस

आमच्या वाचनगटानं यंदाच्या आव्हानात एक रकाना ठेवला होता: जग बुडाल्यानंतरचं, किंवा माणसांना बुडवणाऱ्या राजवटीचं, एक तरी पुस्तक. बहुतेकांनी तो वर्षअखेरीला ढकलला. मी त्यातच अडकले. एक संपलं की दुसरं. घरच्यांना माझी काळजी वाटू लागली.

खरं तर अणुयुद्ध, साथी, राखेनं झाकलेलं आकाश यांची भीती फार टिकत नाही. थोड्याच पानांत आपण निर्ढावतो. अंगावर येतं ते सामान. ऑर्वेलच्या '1984'मध्ये छळकोठडी आहेच, पण माझ्या डोक्यात बसलं ते चॉकलेट. आठवड्याचं रेशन 30 ग्रॅमवरून 20वर येतं आणि दुसऱ्याच दिवशी, ते 20पर्यंत वाढवलं म्हणून, लोक आभाराचे मोर्चे काढतात. दाढीची पाती तर कुठंच मिळत नाहीत. हे ऑर्वेलला भविष्यात डोकावून आणावं लागलं नव्हतं. पुस्तक आलं जून 1949मध्ये. ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन त्याच एप्रिलमध्ये उठलं होतं, पण मागणी इतकी उसळली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लावावं लागलं. कायमचं गेलं 1953 साली. लंडनच्या पहिल्या वाचकांच्या खिशात ते पान वाचताना रेशनचं पुस्तक असणार.

वॉल्टर मिलरच्या 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'मध्ये (1959) तर वाणसामानाची यादीच पूज्य ठरते. मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होता. इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या प्राचीन मठावर 1944 साली झालेल्या हल्ल्यात त्याचाही सहभाग होता. कादंबरीत अणुयुद्धानंतर सहाएक शतकांनी वाळवंटातला एक मठ जुन्या जगाचे उरलेसुरले कागद जपत बसला आहे. फ्रान्सिस नावाच्या तरुण साधूला जमिनीखालच्या एका खोलीत संस्थापकाच्या हातची चिठ्ठी सापडते. मांस, आंबवलेल्या कोबीचा डबा, पाव. घरी येताना आणायचं सामान. तिथंच विजेच्या सर्किटचा एक आराखडाही असतो. त्यातलं अक्षर कळत नसताना फ्रान्सिस त्याची सोनेरी वेलबुट्टीची नक्कल करण्यात पंधरा वर्षं घालवतो. मग दोन्ही कागद घेऊन तो पोपच्या भेटीला निघतो. वाटेत दरोडेखोर गाठतो, चकचकीत नक्कल ठेवून घेतो आणि मळका मूळ कागद त्याला परत देतो. मी मोठ्यानं हसले आणि मग बराच वेळ पुस्तक मिटून बसले. मठ पाडणाऱ्या विमानातल्या माणसानं पुढं असा मठ लिहावा, यावर मला काही बोलता येत नाही.

आपल्याकडे नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो. विज्ञान चोख, पण माझं मन अडकलं ते एवढ्या मुंबईकरांना स्वेटर कुठून मिळणार यावर. असो.

गटात लातूरच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्यांनी घेतलं कॉर्मॅक मॅकार्थीचं 'द रोड' (2006). राखेतून चालणारे बाप-लेक त्यांना कंटाळवाणे वाटले, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. एका प्रसंगावर मात्र त्यांनी भलामोठा व्हॉइस मेसेज पाठवला. आकाशात उजेड होतो, घड्याळं थांबतात, वीज जाते. बाप काय करतो? न्हाणीघरात जाऊन टबाचं बूच लावतो आणि दोन्ही नळ सोडतो. बायको विचारते, आत्ता अंघोळ कशाला? तो अंघोळ करतच नसतो. "हा माणूस आमच्याकडचा आहे," बाई म्हणाल्या.

2016च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून तीनशेहून जास्त किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टँकर आला की बाईंकडं आधी पिंपं भरायची, मग घागरी, मग पातेली, शेवटी कुकर. स्वयंपाकाला रिकामं भांडं उरायचं नाही. ऑक्टाव्हिया बटलरची 'पॅरेबल ऑफ द सोअर' 1993ची. तिची गोष्ट 2024च्या जुलैत सुरू होते आणि तिथं पाणी पेट्रोलपेक्षा महाग असतं. पुण्याच्या एका सभासदाला ही अतिशयोक्ती वाटली. बाईंनी त्यांना फक्त विचारलं, "तुमच्या सोसायटीत टँकर केवढ्याला येतो?" उत्तर आलं नाही.

मला या आव्हानाची गंमतही वाटते आणि थोडी लाजही. भरल्या घरात पंख्याखाली बसून आम्ही टंचाई वाचतो, तारे देतो, पुढचा रकाना भरतो. बाईंनी 'द रोड'ला तीनच तारे दिले. कारण विचारलं तर म्हणाल्या, "टब भरला ते ठीक, पण वर झाकण ठेवलं की नाही, ते लिहिलंच नाही."