रस्त्यावरचं बी

जुलैतला रविवार. लोकल कान्हे स्टेशनात थांबली तेव्हा पावसात समोरचं शेतही दिसत नव्हतं. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फ्लॅनेलचा फळा, आणि पेरणाऱ्याच्या दाखल्याची कागदी चित्रं. पेरणारा, वाट, खडक, काटेरी झुडपं, चांगली जमीन, आणि चार काळी पाखरं. दोन रात्री जागून मी ती रंगवली होती. 45 मिनिटांचा धडा मिनिटामिनिटाला आखून ठेवलेला.

आमची शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, एका घराच्या पडवीत भरते. मुलं बारा. त्या दिवशी चार आली, आणि एकीच्या कडेवर धाकटा भाऊ. बाकीची कुठे, विचारलं, तर चौघंही एका सुरात म्हणाली, "लावणीला!" 1780 मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट राइक्स यांनी मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली, कारण ती सहा दिवस कामावर जुंपलेली असत आणि रविवार तेवढा मोकळा असे. इथं मावळात जुलैमध्ये तोही मोकळा नसतो. पाऊस वार बघून पडत नाही आणि रोप थांबत नाही.

फळा उभा केला. दमट हवेनं कागद मऊ पडलेले. पेरणारा सगळ्यांत आधी घसरून खाली आला, मग खडक. मी परत चिकटवला, तो परत पडला. शेवटी चित्रं जमिनीवरच मांडली आणि गोष्ट सांगू लागले. पेरणारा निघाला, मूठ भरभरून बी फेकत गेला, काही वाटेवर पडलं...

"ताई, असं बी कोण फेकतं?" सात वर्षांचा एक मुलगा. मग त्यानंच समजावलं. आधी राब भाजायचा. त्यात बी टाकायचं. रोप वर आलं की उपटून जुड्या बांधायच्या, चिखलणी करायची आणि एकेक काडी हातानं लावायची. वाटेवर सांडलं तर आजी वेचून घेते. त्याच्या घरी इंद्रायणी भात पिकतो. हा वाण 1987 मध्ये इथून एकाच स्टेशनावरच्या वडगावच्या संशोधन केंद्रातून बाहेर आला. दाणा न् दाणा मोजणाऱ्या घरातल्या या मुलाला दाखल्यातला शेतकरी उधळा वाटला. मी हा दाखला लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या माणसाचा हात एवढा सैल का, खडकालाही तो बी का देतो, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

उत्तर जुळवत होते तेवढ्यात कडेवर भाऊ असलेली पाच वर्षांची मुलगी काळ्या पाखरांवर बोट ठेवून खुशीत म्हणाली, "मग पाखरांना मिळालं ना!"

माझ्या कागदावर पुढची ओळ तयार होती. पाखरं म्हणजे सैतान, पेरलेलं वचन तो हिरावून नेतो. ती ओळ माझ्या तोंडून निघेना. हा दाखला सांगणाऱ्या प्रभूनंच दुसरीकडे सांगितलं आहे की पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी बाप त्यांना खायला देतो. आमच्याच मंडळीतले नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी, त्यांनी 'केवढे हे क्रौर्य' लिहिलं ते एका घायाळ पक्षिणीवर. आणि मी या मुलीच्या हातातलं पाखरू दुष्ट ठरवायला निघाले होते.

"हो, मिळालं," मी म्हणाले.

कागद पिशवीत गेला. मुलांनी घरातून मूठभर तांदूळ मागून आणले आणि पडवीच्या कडेला, पावळीच्या आत टाकले. आम्ही सगळे भिंतीला टेकून गप्प बसलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. बऱ्याच वेळानं, कडेवरचं बाळ झोपल्यावर, वाशावरची एक चिमणी उतरली, दोन दाणे उचलून पुन्हा वर गेली. चार मुलं श्वास रोखून बसलेली मी त्या वर्षात पहिल्यांदाच पाहिली.

दाखल्याचा अर्थ मी सांगितला नाही, याची टोचणी आहे. सैतानाची गोष्ट खरी आहे, ती सांगावीच लागेल. ही मुलं दहा-बारा वर्षांची झाली की सांगेन. पाचव्या वर्षी पाखरू पाखरूच राहू दे, असं मला मनापासून वाटतं.

शेवटची प्रार्थना त्या मुलीनं केली. देवानं पाखरांना रोज द्यावं, आणि लावणीला गेलेल्यांच्या पाठी दुखू नयेत. आमेन सगळे मोठ्यानं म्हणाले.

परतीच्या लोकलमध्ये दारापाशी उभी राहिले. पाऊस उणावला होता. वडगावच्या अलीकडे खाचरांत माणसं इरल्या-प्लास्टिकखाली वाकलेली, आणि त्यांच्या मागे, नुकत्याच तुडवलेल्या चिखलात, बगळे सावकाश टिपत चालले होते.