आडोसा

उन्हाळ्यात शहाण्या माणसाने काय करावे, याविषयी आमच्या वऱ्हाडात फारसा मतभेद नाही. बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी आहे की नाही ते पाहावे आणि पाच वाजेपर्यंत जगाशी संबंध ठेवू नये. घराबाहेर पडणे भागच असेल तर डोक्याला दुपट्टा गुंडाळावा आणि खिशात कांदा ठेवावा. हा शास्त्रार्थ पिढ्यान् पिढ्या चालत आला असून सरकारनेही त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ चा आधार घेऊन मजुरांना पिण्याचे पाणी पुरविण्याचे आणि शिकवणीवर्ग भर दुपारी न भरविण्याचे हुकूम काढले होते. एरवी दंगे आवरण्यासाठी योजलेले कलम प्रत्यक्ष सूर्यनारायणाविरुद्ध वापरण्याची पाळी ज्या प्रांतावर येते, त्या प्रांतात माझ्यासारखा ४९ वर्षांचा शाळामास्तर फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत सायकलींच्या शर्यतींत भाग घेतो, हे ऐकून पुष्कळांना माझ्या प्रकृतीपेक्षा बुद्धीचीच अधिक काळजी वाटू लागते.

त्यांची काळजी अगदीच निराधार आहे असे नाही. मी आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही आणि यापुढे जिंकण्याचा संभवही नाही. ज्याला पोटासाठी खेळावयाचे नाही आणि ज्याचे कीर्तीची हाव धरण्याचे वयही मागे पडले, त्याने शर्यतीत उतरावे तरी कशाला, हा प्रश्न आमच्या मंडळींनी मला अनेक वार विचारला आहे. आणि तोही बहुधा कैरीच्या पन्ह्याचा पेला माझ्या हाती देताना. ‘हौस’ हे माझे ठरलेले उत्तर. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. परंतु त्याचा अर्थ ती फुकट मिळते असा नसून तिचा हिशेब मांडता येत नाही, एवढाच आहे. शिवाय आमच्या अमरावतीस अंगमेहनतीच्या हौसेची जुनी परंपरा आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे बीज रोवले आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी याच गावच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके परक्यांना करून दाखविली. अशा गावात पहाटे चार वाजता उठून घाम गाळणाऱ्यास वेडा ठरविण्यापूर्वी लोक क्षणभर तरी थांबतात.

सायकलची शर्यत म्हणजे पायांची शर्यत, अशी पुष्कळांची समजूत असते. सपाट रस्त्यावर ती मुख्यतः वाऱ्याची शर्यत असते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून जो पुढे असतो तो केवळ अंतर तोडीत नाही, तर हवेची भिंतही फोडीत असतो; आणि त्याच्या मागच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटून जो येतो, त्याचे श्रम एक-चतुर्थांशाहून अधिक, कधी तर एक-तृतीयांशापर्यंत वाचतात. यात लबाडी नाही. सर्वांनी एकदम सुटावयाच्या शर्यतीत हा आडोसा घेणे नियमाला धरूनच आहे. मात्र घेणाऱ्याने पाळी आली की पुढे होऊन तो द्यावाही, एवढी सभ्यता तेथे पाळली जाते.

आमच्या हंगामाची पहिली शर्यत दर्यापूरच्या रस्त्यावर झाली. हा सारा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. वर काळीभोर जमीन आणि खाली विहिरींना खारे पाणी. ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा टाकते. तिच्यावरचा रस्ताही तिच्याबरोबर उठतो आणि बसतो. मोटारीत बसणाऱ्यास हे समजत नाही, सायकलवाल्यास मात्र प्रत्येक उंचवटा मणक्यात मोजता येतो. येथे अंगातील मीठ घामावाटे जाते आणि जमिनीतील मीठ विहिरीत उतरते. तहान लागली तर घरून आणलेल्या बाटलीखेरीज आधार नाही. हवा इतकी कोरडी की घाम फुटल्याचे कळतच नाही. कातडीवर येताच तो उडून जातो आणि मागे सदऱ्यावर पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात. हवा अंगाहून तापली म्हणजे या उडून जाणाऱ्या घामाखेरीज शरीर थंड ठेवण्यास दुसरा उपाय नसतो, आणि तासाला लिटरभर पाणी तरी त्या कामी खर्ची पडते.

त्या शर्यतीनंतर एक मुलगा माझ्याजवळ आला. वय १९ च्या आसपास, अंगाने काटक, सायकल मागून आणलेली. “सर, तुमच्या मांगं लय बरं वाटलं जी,” तो म्हणाला, “वाराच नाही लागत.” माझ्या देहाच्या रुंदीविषयी आजवर अनेकांनी अनेक उद्गार काढले होते, परंतु तिची स्तुती मी प्रथमच ऐकत होतो. पुढे ओळख वाढली तेव्हा समजले की, तो रोज पहाटे गावातून दुधाच्या कॅन सायकलला लटकावून तालुक्याला नेतो आणि मग महाविद्यालयात जातो. वडिलांची कोरडवाहू शेती, तीही त्याच खाऱ्या पट्ट्यात. त्या वर्षीचे शुल्क भरावयाचे राहिले होते. मे अखेरीस अमरावती-अकोला रस्त्यावर जी शर्यत व्हावयाची होती, तिच्यातील पहिल्या तिघांस रोख बक्षीस होते. त्या तिघांत येता आले तर पुढच्या वर्षी शिकावयाचे, नाही तर एखाद्या जिनिंगमध्ये कामाला लागावयाचे, असा त्याचा साधा हिशेब होता. माझ्या हौसेला मोल नव्हते. त्याच्या हौसेला मोल होते आणि त्याची रक्कमही ठरलेली होती.

मधल्या काळात चिखलदऱ्याची शर्यत झाली. परतवाड्याहून गाविलगडच्या डोंगरात चढावयाचे म्हणजे सुमारे सातशे मीटरांची चढण आहे. याच दरीत भीमाने कीचकाला लोटले, अशी आमच्याकडे कथा सांगतात. घाट लागला की शर्यतीचा सारा न्याय बदलतो. वेग इतका मंदावतो की वाऱ्याचा विरोध नावालाच उरतो, आणि प्रत्येकाने आपापले वजन आपापल्या पायांनी वर न्यावयाचे, एवढेच काम राहते. तेथे कोणी कोणाला आडोसा देऊ शकत नाही. तो मुलगा पहिल्याच वळणाला मला सोडून गेला आणि मी सागाच्या निष्पर्ण रानातून एकटाच वर जात राहिलो. डोंगर चढण्याला आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. एकाकी पुरुषार्थाची सर्व रूपके कवींनी डोंगरावरच नेऊन ठेवली आहेत. त्या दिवशी मात्र मला माळरानाची थोरवी अधिक पटली. डोंगरावर मनुष्य स्वतःची शक्ती ओळखतो हे खरे; पण ती दुसऱ्याच्या उपयोगी पाडावयाची तर त्याला सपाटीवरच उतरावे लागते.

वस्तुतः एकट्याचा म्हणून जो पराक्रम आपण समजतो, तोही पुरता एकट्याचा नसतो. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या आत पुरी केली. त्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकविण्यास मुळीच मुभा नाही. तरीही मागून गाडीत बसून पाणी देणारी, वाट सांगणारी आणि रात्री दिवा धरणारी माणसे असतात, म्हणून ती पुरी होऊ शकते. त्यांची नावे निकालाच्या पहिल्या ओळीत येत नाहीत, एवढेच.

अमरावती-अकोल्याची शर्यत मेच्या अखेरच्या रविवारी, उजाडता उजाडता बडनेऱ्याच्या पुढे सुटली. १८९६ साली अथेन्स येथे पहिल्या ऑलिंपिकमध्ये अथेन्स ते मॅरेथॉन आणि परत अशी ८७ किलोमीटरांची सायकल-शर्यत झाली होती. आमचा पल्ला तिच्याहून थोडासाच कमी होता. लोणीपासून माना गावापर्यंतच्या रस्त्याला तर स्वतःचाच एक विक्रम आहे. २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका येथे १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरली गेली आणि गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली. मृगाचा पाऊस यावयाचा होता, अशा उन्हात शेकडो माणसांनी रात्रंदिवस तापलेले डांबर पसरले. त्या गुळगुळीत पृष्ठावरून चाक वाजत जाऊ लागले तेव्हा मनात आले की, आपण हौसेने सोसतो ते ऊन आणि ती माणसे पोटासाठी सोसतात ते ऊन, ही दोन्ही एकाच सूर्याची असली तरी एका जातीची नव्हेत.

सूर्य वर आला आणि पश्चिमेचा वारा सुटला. अकोला पश्चिमेला, म्हणजे वारा सरळ तोंडावर. जोरदार असे सहा जण पुढे निसटले आणि आमच्या मुलाला त्यांच्याबरोबर सुटता आले नाही. तो दुसऱ्या घोळक्यात अडकला. तेथे प्रत्येक जण दुसऱ्याने पुढे व्हावे म्हणून वाट पाहत होता, आणि पुढचे सहा जण दर क्षणाला लहान दिसू लागले होते. कुरूमच्या अलीकडे मी त्याच्या बाजूला गेलो आणि म्हणालो, “माझ्या चाकामागे राहा. मागे पाहू नकोस, आणि मी थकलो की न थांबता निघून जा.”

मग मी पुढे झालो. कुरूमपासून मूर्तिजापूरपर्यंतचा तो पल्ला वीस-बावीस मिनिटांचा असेल. डोके खाली घालून, वारा छातीवर घेऊन, मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो अशा वेगाने गेलो. रस्त्याच्या कडेला बकऱ्या घेऊन उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी ओरडून विचारले, “काहून जी, कोण लागलं तुमच्या मांगं?” उत्तर देण्यास श्वास नव्हता, नाही तर तिचा प्रश्न किती अचूक आहे, हे मी तिला थांबून सांगितले असते. मूर्तिजापूरची घरे दिसू लागली तेव्हा पुढच्यांत आणि आमच्यात शंभर पावलांचेही अंतर उरले नव्हते. तेथे माझे पाय संपले. मी बाजूला झालो. तो सपकन् पुढे गेला, सांगितल्याप्रमाणे त्याने मागे पाहिले नाही, आणि थोड्याच वेळात तो त्या सहांत मिसळलेला मला दिसला.

उरलेले निम्मे अंतर मी एकट्याने काटले. एकामागून एक सर्व जण मला मागे टाकून गेले. बोरगाव मंजू ओलांडले तेव्हा माझ्यामागे कोणीच उरले नव्हते. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीत सर्वांत शेवटी येणाऱ्यास ‘लाल कंदील’ म्हणण्याची चाल आहे. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे जो लाल दिवा असतो त्यावरून हे नाव पडले. लोक त्यात थट्टा पाहतात. परंतु तो दिवा दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली असे स्टेशनवरचा मनुष्य मानीत नाही. अकोल्याच्या वेशीपाशी मी पोहोचलो तेव्हा मांडवाचे कापड सोडण्यास सुरुवात झाली होती. तो मुलगा ताकाचा पेला घेऊन वाट पाहत उभा होता. तो तिसरा आला होता. “सर, तुम्ही तं मांगंच राह्यले जी,” एवढेच तो म्हणाला, आणि त्यापुढे त्याला काही बोलता येईना. मलाही येत नव्हते. परंतु माझ्या बाबतीत त्याचे खापर उन्हावर फोडता येण्याजोगे होते.

आपल्या भाषेत मदत करणारा नेहमी ‘पाठीशी उभा’ राहतो. धीर द्यावयाचा, पैसा द्यावयाचा, तर मागे उभे राहिलेले चालते. वाऱ्याच्या बाबतीत मात्र पाठीशी उभे राहून भागत नाही. समोर जावे लागते, आणि योग्य वेळी बाजूलाही व्हावे लागते. यांतले दुसरे पहिल्यापेक्षा अवघड आहे. पुष्कळ बाप, पुष्कळ मास्तर आणि पुष्कळ पुढारी पुढे होऊन वारा अडवितात. पण मागचा ताजातवाना आहे आणि आपले पाय भरून आले आहेत, हे कळूनही वाट सोडीत नाहीत. मग त्यांचा आडोसा हाच मागच्यांचा अडसर होतो. सायकलच्या शर्यतीत ही चूक फार वेळ चालत नाही, कारण तेथे पाय खोटे बोलत नाहीत. इतरत्र ती जन्मभर चालू शकते.

घरी आल्यावर आमच्या मंडळींना मी हे सारे सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे एकंदरीत तुम्ही वाळ्याच्या तट्ट्याचे काम केले.” इतक्या वर्षांत ‘कशाला’ या प्रश्नाला मला जे उत्तर सापडले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात दिले. मुलाचे शुल्क भरून झाले. मृग लागताच तो पेरणीला गेला आणि माझी शाळाही उघडण्याच्या बेतात आली. पुढच्या फाल्गुनात तो माझ्याहून इतका वेगवान झालेला असेल की, त्याला माझा आडोसा पुरणार नाही. पण दर्यापूरच्या रस्त्यावर मागून आणलेल्या सायकलीवर बसलेला आणखी कोणी तरी असेलच, आणि वारा तर आमच्या वऱ्हाडात दर वर्षी नेमाने येतो. तेव्हा निदान आणखी एक हंगाम ही रुंद पाठ कामी आणावी, असा विचार आहे.