झोपाळ्यावरचे स्तोत्र

पाठांतराची हल्ली फारशी पत राहिलेली नाही. ‘पोपटपंची’ म्हटले की त्याची बोळवण होते. माझा मात्र त्यावर लोभ आहे, आणि तो घरच्या दोन मुलांकडून शास्त्रवचने पाठ करून घेता घेता वाढला आहे.

आम्ही रत्नागिरीतले मराठी ख्रिस्ती. दिवेलागणीला शेजारच्या काकूंकडे रामरक्षा सुरू होते, त्याच सुमारास आमची कौटुंबिक प्रार्थना. मधे भिंत एकच. माझ्या धाकट्याला अर्धीअधिक रामरक्षा कोणी न शिकवता येऊ लागली. आणि शब्बाथ शाळेने दिलेले तेविसावे स्तोत्र, जेमतेम सहा वचनांचे, काही केल्या जिभेवर बसेना! मग ध्यानात आले, रामरक्षा बहुतांशी अनुष्टुभात आहे. आठ अक्षरांचा एक चरण मुलाचे बोट धरून त्याला पुढच्या चरणापाशी नेतो. आमचे शास्त्र मराठीत आले ते गद्यात. गद्य असे बोट धरत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावी 1861 साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत गायिली. नव्या श्रद्धेला त्यांनी ओळखीची चाल दिली. म्हणूनच त्यांची पदे आमची म्हातारी माणसे पुस्तक न उघडता म्हणतात.

पण स्तोत्रालाही स्वतःची एक चाल असते. हिब्रू कवितेचा डौल यमकावर नसतो. ती एकच विचार पुष्कळदा दोन वेळा सांगते, दुसऱ्यांदा शब्द पालटून. 1753 साली रॉबर्ट लोथ या इंग्रज पंडिताने हे उलगडून दाखवले. भाषांतरात नाद हरपतो, पण ही जोडी टिकते, कारण ती अर्थाची असते. हे कळल्यावर आम्ही ओटीवरच्या झोपाळ्यावर बसू लागलो. झोपाळा पुढे गेला की वचनाचा पहिला अर्धा भाग मी म्हणायचा. मागे आला की उरलेला मुलांनी. कड्यांची करकर हाच आमचा ताल. आठवड्याला एक वचन, आणि नवे घेण्याआधी जुनी सगळी एकवार. सहा आठवड्यांत स्तोत्र पुरे झाले.

अडचण उरली अर्थाची. त्या स्तोत्रात देव मेंढपाळ आहे. आमच्या कोकणच्या मुसळधार पावसात मेंढरू कुठले टिकायला! इथले गवळी धनगरदेखील गाईम्हशीच पाळतात. धाकट्याने मेंढी पाहिली होती ती चित्रात.

“पप्पा, मेंढपाळ म्हणजे गुराखीच ना?”

“तसाच रे.”

झाले! त्या दिवसापासून त्याच्या स्तोत्रात देव गुरे राखू लागला. थोरली चिडायची, “शास्त्रात तसं नाहीये!” मी शब्द सुधारून देई, तो पुन्हा गुरे घेऊन सड्यावर जाई.

थोरलीचा सवाल निराळा होता. “मोबाइलमध्ये सगळं शास्त्र आहे, ऐकूसुद्धा येतं. मग पाठ कशाला?” यावर चटकन द्यावे असे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आले. त्याने जमीन गाठली ती रायगडात, श्रीवर्धनच्या बाजूला. पण तडाखा आम्हालाही बसला. वीज गेली, मोबाइल एकेक करून मिटले. वारा कौले उचलू पाहत होता. अंधारलेल्या माजघरात थोरली आपणहून स्तोत्र म्हणू लागली. मरणछायेच्या दरीपाशी येऊन तिचा आवाज अडला. तेव्हा धाकट्याने पुढचा भाग उचलला. झोपाळा नव्हता, तरी दोघे पुढेमागे डुलत होती. भिंतीपलीकडे काकूंची रामरक्षा चालली होती. स्तोत्र संपले तशी थोरलीने ते पुन्हा पहिल्यापासून धरले. या खेपेला देव गुराखी होता, आणि तसे म्हणणारी तीच होती.

पाठांतर घोकायचे एकट्याने असेल, पण करायचे ते वाटून. एकाचे अडले की दुसऱ्याचे अर्धे हाताशी असते.

त्यानंतर आम्ही प्रीतीचा अध्याय घेतला: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 13, वचनेही 13. झोपाळ्याच्या कड्या फारच कुरकुरू लागल्या होत्या. मी तेलाची बुधली काढली. पण ताल जाईल म्हणून धाकटा काही तेल घालू देईना.