मोतीचा विलायतप्रवास

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी अलीकडे कुलूप लागलेली घरे वाढत चालली आहेत. कोणी गोव्यास, कोणी आखातात, कोणी विलायतेस जातो. प्रथम घरधनी, मागाहून बायकामुले. गाय विकली जाते, कोंबड्या शेजारी घेतात. पण कुत्र्यास गिऱ्हाईक नसते. ते बिचारे बंद दारासमोर बसून राहते. शेजारचे लोक चार दिवस भाकरी टाकतात, मग विसरतात. सकाळच्या मिस्साला जाताना अशी दोन कुत्री आम्हांस नित्य दिसत. कनवाळूपणाने आम्ही हळहळत असू, पण त्यापलीकडे आमचा विचार कधी गेला नव्हता. तो पुढे न्यावयास आमच्या नातवाने भाग पाडले.

आमचे जावई इंग्लंडात स्विंडन या शहरी नोकरीस आहेत. तेथे गोव्याकडील लोकांची मोठी वस्ती आहे. गेल्या वर्षी आमची मुलगी व तिची दोन मुले यांनी त्यांच्याकडे कायमचे जावयाचे ठरले, आणि त्यांस पोहोचवून महिनाभर राहून यावे म्हणून आम्ही उभयतांनीही तयारी केली. सप्टेंबरात तेथील शाळा उघडतात, यास्तव ऑगस्टची तिकिटे काढली. त्या रात्री दहा वर्षांचा नातू जेवणाच्या पानावरून उठला व म्हणाला, "आजोबा, मोतीचे तिकीट काढले नसेल तर माझेही काढू नका."

मोती म्हणजे त्यांचा गावठी कुत्रा. तांबूस रंगाचा, चौदा किलो वजनाचा. कागदोपत्री कोणत्याही नामांकित जातीत न बसणारा. आम्ही हसलो. विमानात कुत्रा! परंतु चौकशीअंती कळले की, कुत्री-मांजरे विमानाने जातात, नियमितपणे जातात. मात्र त्यांस मनुष्यापेक्षा अधिक कागद लागतात.

विमान कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत. आपल्या देशातल्या देशात इंडिगोसारखी मोठी कंपनी साध्या पाळीव जनावरांस घेतच नाही. आकासा एअरने २०२२ पासून लहान कुत्री-मांजरे माणसांच्या कक्षात नेण्यास आरंभ केला. युरोपातील लुफ्तान्सा कंपनी पिशवीसह आठ किलोपर्यंतचे जनावर आसनाखाली ठेवू देते. त्याहून वजनदार जनावराने विमानाच्या पोटातून जावयाचे. ब्रिटनचा नियम तर याहून निराळा: परदेशांतून विमानाने तेथे जाणारे कुत्रे कितीही लहान असो, ते प्रवाशाच्या मांडीशी येऊ शकत नाही, त्यास रीतसर माल म्हणूनच यावे लागते. अपंगांस साहाय्य करणाऱ्या शिकविलेल्या कुत्र्यांपुरता तेवढा अपवाद आहे.

हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले. पोत्यांबरोबर, पेट्यांबरोबर, अंधारात! आमच्याही मनात तेच चित्र होते. परंतु जनावरे ज्या कप्प्यात ठेवतात, तेथील हवेचा दाब माणसांच्या कक्षाप्रमाणेच राखला जातो, उष्णतेचेही नियमन होते, आणि विमानात जिवंत प्राणी आहे ही लेखी सूचना विमानचालकास दिली जाते. चपट्या नाकाच्या जातींस, जसे पग, बुलडॉग वा पर्शियन मांजर, अनेक कंपन्या नाकारतात. कारण श्वासाचा मार्ग अरुंद असल्यामुळे उष्म्याने व भीतीने ती गुदमरतात. आमच्या मोतीचे लांब गावठी नाक त्या दिवशी प्रथमच आम्हांस भाग्याचे वाटले.

आता आमची चूक सांगतो. कारण वाचकांच्या उपयोगाची खरी गोष्ट तीच आहे.

ब्रिटनमध्ये जावयाचे तर कुत्र्याच्या वा मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक मायक्रोचिप बसवावी लागते. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. त्यानंतर रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, लस. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावयाचे; लस अंगी लागली की नाही हे तेथे पाहतात. ते ठीक निघाले तरी, रक्त काढल्याच्या दिवसापासून पुरते तीन महिने थांबावयाचे. आपल्या देशात हा रोग अद्याप असल्यामुळे येथून जाणाऱ्या जनावरांस ही प्रतीक्षा चुकत नाही.

मोतीस आम्ही एप्रिलात लस टोचविली होती आणि मायक्रोचिप मे महिन्यात बेळगावी बसविली. तेथील डॉक्टरांनी विचारले असता "लस झालेली आहे" असे आम्हीच छातीठोकपणे सांगितले. जून उजाडला, मळप्रभेस पूर आला, आणि कागदांची जुळवाजुळव करताना आमच्या ध्यानी आले की सारा क्रम उलटा झाला होता. आधी मायक्रोचिप, मग लस. क्रमांक नसताना टोचलेली लस ही कोणत्या कुत्र्यास टोचली यास पुरावा नाही, म्हणून ती धरली जात नाही. पुन्हा पहिल्यापासून आरंभ! बारा जूनला लस, पंधरा जुलैला रक्त, आणि पंधरा ऑक्टोबरपूर्वी प्रवास नाही.

मागाहून एकट्या कुत्र्यास पाठवावे म्हटले, तर तेथेही अडचण. जनावराचा व मालकाचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत व्हावा लागतो. नाहीतर ते घरगुती जनावर न राहता व्यापारी माल ठरते व त्यास वेगळे नियम लागतात.

घरात बरीच वादावादी झाली. आम्ही स्पष्टच म्हणालो, "मुलांची शाळा बुडवून कुत्र्यासाठी थांबावयाचे, हा कोणता शहाणपणा?" मुलगी बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "बाबा, मुलांचे घर सुटणार, शाळा सुटणार, भाषाही बदलणार. आपल्या माणसास मागे टाकून पुढे जायचे असते, एवढे तरी त्यांनी आत्ताच शिकू नये." तिने ‘माणसास’ म्हटले हे आमच्या ध्यानात आले, पण आम्ही दुरुस्ती केली नाही. तिकिटांची तारीख बदलली, दंड भरला, आणि मुले सप्टेंबरात गावच्या मराठी शाळेतच जाऊन बसली.

त्या रिकाम्या महिन्यांत या नियमांवर विचार करावयास आम्हांस अवसर मिळाला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य, हे आपल्या खेड्यांतील लोकांस सांगावयास नको. ब्रिटनने हा रोग मोठ्या कष्टाने निपटून काढला होता. पण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रणभूमीवरून परतणाऱ्या सैनिकांनी आपली लाडकी कुत्री चोरून घरी आणली, त्यांबरोबर १९१८ साली रोगही परत आला, आणि तो पुन्हा नाहीसा करण्यास १९२२ साल उजाडले. त्या सैनिकांचे प्रेम खोटे नव्हते. मात्र त्यांच्या प्रेमाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. पुढे अनेक दशके बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्या-मांजरास तेथे सहा महिने विलगीकरणात काढावे लागत. २००० साली निवडक देशांतील जनावरांची त्यातून सुटका झाली, व २०१२ पासून आपल्यासारख्या देशांतूनही लस, रक्ततपासणी व तीन महिन्यांची प्रतीक्षा एवढ्यावर भागू लागले. ही प्रतीक्षा अशासाठी की, रक्त काढण्यापूर्वीच रोगाचे विष अंगात शिरले असेल तर ते या अवधीत बाहेर पडावे. म्हणजे पूर्वी जो काळ परक्या पिंजऱ्यात जात असे, तो आता आपल्याच अंगणात जातो. हे समजल्यावर आमचा राग ओसरला.

पिंजऱ्याचेही शास्त्र आहे. आंतरराष्ट्रीय विमान संघटनेच्या नियमाप्रमाणे जनावरास आत ताठ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे व सुखाने पडता आले पाहिजे. मोतीची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी ७५ सेंटीमीटर. जमिनीपासून कोपरापर्यंत उंची २८. पहिल्या आकड्यात दुसऱ्याचा अर्धा भाग मिळविला की पिंजऱ्याची लांबी येते, म्हणजे ८९. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही पिंजऱ्याची रुंदी, आणि उभ्या कुत्र्याची उंची अधिक अंथरुणाची जाडी ही पिंजऱ्याची उंची. नातवाने हे गणित पाटीवर तीनदा सोडविले. पिंजरा आणल्यावर त्याचे दार उघडे ठेवून आत आमचे जुने धोतर अंथरले व रोजची भाकरी तेथेच ठेवली. पंधरवड्यात मोती आपण होऊन आत निजू लागला. गुंगीचे औषध द्यावे काय, असे आम्ही विचारता डॉक्टरांनी साफ नकार दिला. आकाशात अशा औषधाने श्वास व रक्तदाब यांवर विपरीत परिणाम होऊ शकतो.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जीप ठरवून आम्ही मुंबईस निघालो. कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा, पुणे असे थांबत, प्रत्येक ठिकाणी मोतीस फिरवीत, आम्ही पहाटे मुंबई गाठली. तेथे दोन कामे उरली होती. ब्रिटनमध्ये उतरण्यापूर्वी चोवीस तासांहून कमी नाही व एकशेवीस तासांहून अधिक नाही अशा अवधीत कुत्र्यास पट्टकृमीचे औषध पाजून ते प्रमाणपत्रावर नोंदवावे लागते. मांजरास हे लागत नाही. आणि सरकारी पशु-विलगीकरण खात्याकडून निर्यातीचा दाखला मिळवावा लागतो. ही दोन्ही कामे दोन दिवसांत उरकली.

सहारच्या मालगोदामाशी त्यास सोडण्याची वेळ मात्र कठीण होती. पिंजरा तपासणीस जाताना मोतीस बाहेर काढले. तो नातवाच्या पायांशी बसला. मग पुन्हा आत घातले, पाण्याचे भांडे अडकविले, पिंजऱ्यावर ‘जिवंत प्राणी’ अशी चिठ्ठी लावली. एका हमालाने जाळीतून बोट घालून त्याचे नाक खाजविले व म्हणाला, "काका, काळजी करू नका. हे बोलत नाहीत, म्हणून आम्ही यांना आधी बघतो." त्या अनोळखी मनुष्याचे हे शब्द आम्हांस साऱ्या कागदांहून अधिक धीर देऊन गेले.

सुमारे दहा तासांनी आम्ही लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलो. तेथे प्राण्यांसाठी स्वतंत्र स्वागतकेंद्र आहे. ते लंडन शहराच्या नगरसंस्थेकडून चालविले जाते. कुत्री-मांजरेच काय, पक्षी, मासे व सर्पसुद्धा तेथे उतरतात. कागद तपासणे, मायक्रोचिप वाचणे यांत काही तास गेले. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. नातू एक शब्द बोलत नव्हता. पंधरापैकी एक आकडा चुकला असेल तर, हाच विचार साऱ्यांच्या मनात.

अखेर दार उघडले. मोती थोडा लटपटत बाहेर आला, त्याने चहूकडे वास घेतला, आणि मग जे झाले ते वर्णन करण्याचे आम्ही टाळतो. एवढेच सांगतो की, ज्या आजोबांनी शाळेसाठी वाद घातला होता, त्यांनाही चष्मा पुसावा लागला.

स्विंडन तेथून सुमारे ११० किलोमीटर. वाटेत पावसाची झिमझिम होती, दोन्ही बाजूंस हिरवी कुरणे होती. दुसऱ्या सोमवारपासून मुले नव्या शाळेत जाऊ लागली. मागे पडलेला अभ्यास त्यांनी नाताळापर्यंत भरून काढला. नातवास इंग्रजी बोलावयाचा धीर प्रथम बागेत आला. कारण कुत्रे घेऊन फिरणारा मनुष्य कुत्रे घेतलेल्या दुसऱ्यास काही विचारल्यावाचून राहत नाही. मोती मात्र मराठीच समजतो.

या प्रवासात मोतीचा खर्च आम्हा दोघांच्या तिकिटांहून अधिक आला. प्रत्येकास तो झेपेल असे नाही, आणि न झेपल्यास त्यात दोष नाही. मग जाण्यापूर्वी जनावरासाठी एखादे घर ठरवावे, निदान नातेवाइकांस विचारावे. परंतु ज्यांस न्यावयाचे आहे त्यांनी ध्यानात ठेवावे: आधी मायक्रोचिप, मग लस, मग रक्त, मग प्रतीक्षा; हाती निदान पाच महिने हवेत. जेथे जावयाचे त्या देशाचे व आपल्या विमान कंपनीचे नियम तिकिटापूर्वी विचारून घ्यावेत, कारण ते बदलत असतात.

महिन्याने आम्ही गावी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्साला जाताना त्या दोन बंद घरांपैकी एकापुढे कुत्रे अजून बसलेले होते. दुसरे दिसले नाही. जे होते ते आता आमच्या पडवीत निजते. त्याचे मूळ नाव कोणास ठाऊक नाही. आम्ही त्यास नवे दिले आहे, आणि तो हळूहळू त्या हाकेला येऊ लागला आहे.