मशिनला विकेट नको असते

नोकरीनिमित्त दादरहून चेन्नईला आलो, तेव्हा मुलाचं क्रिकेट सुटू नये एवढीच काळजी होती. इथे ती फोल ठरली. या गावात क्रिकेटचं वेड मुंबईइतकंच आहे आणि सरावाची शिस्त कदाचित थोडी जास्त. मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याच्या कोचिंगमध्ये बोलिंग मशिन आलं. फीड करायला माणूस कमी पडे, म्हणून सरांनी आम्हा पालकांनाच ते शिकवलं. त्यामुळे मशिनच्या मागे उभं राहून मी माझ्याच मुलाला खेळताना समोरून पाहिलं.

मशिन तसं साधं असतं. दोन चाकं एकमेकांच्या उलट दिशेने गरगरत असतात. त्यांच्या फटीत चेंडू सोडला की ती त्याला पकडून पुढे फेकतात. दोन्ही चाकांचा वेग सारखा ठेवला तर चेंडू सरळ जातो. डोकं तिरकं करून एका चाकाचा वेग वाढवला की तो स्विंग होतो. चेंडू सहसा लेदरचा नसतो, खळगे असलेला प्लॅस्टिकचा असतो. चेन्नईच्या दमट हवेत तो सतत पुसावा लागतो, कारण ओला चेंडू चाकांत घसरतो आणि भलतीकडेच पडतो. सरांचा एक नियम कडक होता. चेंडू हातात उंच धरून मुलाला दाखवायचा, त्याने बॅट उचलली की मगच सोडायचा. समोरच्याचं हेल्मेट नीट बसलेलं नसेल, तर हात खालीच.

मशिनने त्याला खूप काही दिलं. उसळत्या चेंडूला तो घाबरायचा, पाय आपोआप लेगकडे सरकायचा. मशिनमधून एकाच टप्प्यावर, एकाच उंचीवर चेंडू येत राहिला आणि पुल मारताना त्याचं डोकं स्थिर राहू लागलं. कोणताही बारा वर्षांचा बोलर इतक्या अचूकपणे तोच चेंडू पुन्हा पुन्हा टाकू शकत नाही.

पण पुढे सामन्यांत वेगळंच दिसायला लागलं. नेटमध्ये वेगवान चेंडू सहज खेळणारा हा मुलगा मंद, वेड्यावाकड्या ॲक्शनच्या बोलरसमोर अडखळू लागला. पाय आधीच पुढे, बॅट आधीच खाली, चेंडू नंतर येतोय. सरांनी कारण लगेच ओळखलं. ताशी 120 किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात बॅटपाशी पोहोचतो. एवढ्या वेळात चेंडू पाहून सगळं ठरवणं अवघड असतं, म्हणून चांगला फलंदाज बोलरचा रनअप, खांदा, मनगट वाचत असतो. मशिनला यातलं काहीच नाही. तिथे मुलं नुसतं भोकाकडे बघायला शिकतात. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उदयोन्मुख फलंदाजांना बोलरसमोर आणि मशिनसमोर खेळवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या पायांचं आणि बॅटचं टायमिंग दोन्हीकडे वेगवेगळं आढळलं.

फलंदाज आणि यंत्राचं न जमणं यंत्राइतकंच जुनं असावं. 1897 मध्ये प्रिन्स्टनला चार्ल्स हिंटन या गणिताच्या शिक्षकाने बेसबॉल फेकणारं यंत्र बनवलं, तेही बंदुकीच्या दारूच्या स्फोटावर चालणारं! फलंदाजांना त्याची भीतीच वाटायची.

खऱ्या बोलरसमोरच्या सरावाचं म्हटलं की मला मात्र आठवतो तो आपला सचिन तेंडुलकर. 1987 मध्ये चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तो वेगवान बोलर व्हायला आला होता. डेनिस लिली यांनी त्याला बॅटिंगकडे लक्ष द्यायला सांगितलं. पुढे 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्नविरुद्ध तयारी करायला तो पुन्हा इथेच आला. लेगस्टंपबाहेर खेळपट्टी मुद्दाम उखडून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना तिथे राउंड द विकेट टाकायला लावलं. चेपॉकच्या कसोटीत पहिल्या डावात वॉर्नने त्याला 4 धावांवर काढलं, दुसऱ्या डावात त्याने नाबाद 155 केल्या. त्याआधी मुंबईत शिवाजी पार्कवर त्याचे गुरू आचरेकर सर स्टंपवर रुपया ठेवायचे; सचिनला आउट करणाऱ्या बोलरला तो मिळायचा, म्हणून समोरच्याला विकेटची भूक असायची. मशिनला विकेट नको असते, आणि मुलाची खरी परीक्षा त्या भुकेपुढेच होते.

आमच्या सरांनी मग वेळापत्रक बदललं. मशिन फक्त एखादा फटका घोटवण्यासाठी, थोडा वेळ. बाकी सारा वेळ मुलांनीच मुलांना बोलिंग टाकायची. लेगस्पिनर, डावखुरा, ज्याची ॲक्शन कोणालाच कळत नाही तोसुद्धा. मुलाची लय परतायला एक अख्खा मोसम गेला, पण परतली.

कोचिंगला मुलाला घालताना मशिन जरूर बघा. त्याच वेळी तिथे रोज किती बोलर येतात, आणि मशिनवर उभा असलेला माणूस चेंडू सोडण्याआधी तो मुलाला दाखवतो का, हे दहा मिनिटं थांबून पाहा.