लिस्बनचं बूच

सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टपुढची रांग बघून मी पायीच चढ चढलो आणि घामाघूम होऊन लार्गु दु कार्मुच्या चौकात टेकलो. नीलमोहराचा सडा पडलेला. १७५५च्या भूकंपात छप्पर गमावलेला मठ आणि त्याला लागून जुनी बराक. फरसबंदीत एक गोल दगड बसवलाय. बुटाने फुलं सारली तेव्हा नाव दिसलं : साल्गेरू माइया.

२५ एप्रिल १९७४ ला हा २९ वर्षांचा कॅप्टन सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन इथे आला. बराकीत पंतप्रधान काएतानु अडकलेले, बाहेर माणसांचा पूर. ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात गडगडली, पण काएतानुंचा हट्ट सुटेना. सत्ता रस्त्यावर पडता कामा नये, एखादा जनरल आणा, त्याच्या हाती देतो! मग एका डोळ्याला भिंग लावणाऱ्या जनरल स्पिनोलांना बोलावलं गेलं. उठाव करणाऱ्या माइयासारख्या कप्तानांच्या मनात खरं तर दुसऱ्याच जनरलचं नाव होतं, कॉश्ता गोमिश.

दुसऱ्या दिवशी लोकलने कशियशला गेलो. तिथल्या तुरुंगाचं मराठी माणसाला वेगळंच दुखणं. सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्तीसाठी लढताना पकडले गेले आणि इथे खितपत पडले. गोवा १९६१ला सुटला, रानडे सुटले १९६९च्या जानेवारीत. क्रांतीनंतर स्पिनोलांची पहिली परीक्षा झाली ती राजकीय कैद्यांवरूनच. हिंसेचे आरोप असलेल्यांना सोडायला ते राजी नव्हते. आतले कैदी म्हणाले, सुटू तर सगळे. कप्तानही मागे हटेनात. २६च्या रात्री सगळे बाहेर आले.

म्हणून स्पिनोलांना खलनायक ठरवावं, तर तेही जमत नाही. आफ्रिकेतल्या वसाहतींमधलं युद्ध बंदुकीने जिंकता येणार नाही, हे फेब्रुवारीत पुस्तक लिहून जाहीरपणे सांगणारे तेच. फक्त वसाहती सोडायच्या नव्हत्या, संघराज्यात बांधून ठेवायच्या होत्या. मेमध्ये अध्यक्ष झाले, सप्टेंबरअखेर राजीनामा. पुढच्या मार्चमध्ये फसलेलं बंड आणि हेलिकॉप्टरने स्पेनला पलायन. १९८१ मध्ये याच गृहस्थांना मार्शल केलं!

संध्याकाळी बुचाच्या सालीची पाकिटं विकणाऱ्या एका दुकानात शिरलो. म्हातारा दुकानदार हसून म्हणाला, “आमच्या एका अध्यक्षाला आम्ही बूचच म्हणायचो.” म्हणजे कॉश्ता गोमिश. कुठल्याही पाण्यात टाका, वरच तरंगणार. जुन्या राजवटीत सेनाप्रमुख, नव्या राजवटीत राष्ट्राध्यक्ष. टिंगल रास्तच होती. पण त्यांच्याच काळात २५ एप्रिल १९७५ला घटना समितीची निवडणूक झाली आणि ९१ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. नोव्हेंबरात सैन्य सैन्यावर उठलं, तेव्हा यादवी टळली त्यात त्यांच्या वाटाघाटींचा हात होता. जुलै १९७६ मध्ये निवडून आलेल्या एयानिश यांना खुर्ची देऊन ते निमूट उतरले. बाणेदार माणसाला हे जमलं असतं का, मला शंका आहे.

आणि ३१ डिसेंबर १९७४चा दिल्लीतला करारही त्यांच्याच कारकिर्दीतला. आपले परराष्ट्रमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण, त्यांचे मारियू सुआरिश. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने त्या दिवशी कबूल केलं, तेरा वर्षं उशिरा.

म्हाताऱ्याला हे सांगितलं. “अस्सं?” म्हणत त्याने पाकीट कागदात गुंडाळलं आणि बारा युरो मोजून घेतले. एक सेंट कमी केला नाही.