लाइन गेली नाही!

‘ग्रान टुरिस्मो ४’ या व्हिडिओ गेममधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत आज पहाटे पुरी केली. ती मध्येच सेव्ह करता येत नाही. लाइन गेली की सगळी मेहनत पाण्यात. इन्व्हर्टर लावूनच बसलो होतो. साडेतेरा किलोमीटरची फेरी, तीच ती. रात्री अंगठे बधिर झाले, डोळे चुरचुरले, तेव्हा आपला अमरावती-अकोला महामार्ग आठवला. जून २०२२मध्ये तिथे एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झालं. ऐन वऱ्हाडी उन्हात! डांबराचा माल गरम असतानाच पसरावा लागतो. तो पसरणारा पेव्हर थांबला की रस्त्यात सांधा दिसतो. गिनीजमध्ये नोंद झाली. दमाची खरी शर्यत त्या मजुरांनीच जिंकली.